बेचाळीसशे पन्नास

“उतरू नका कुणी, आतच बसा!” मी काट्याच्या खिडकीतून ओरडलो. “सामानासारखी माणसंबी वजनात धरायची असतात.”

“मामा, आमच्या मम्मीचं वजन गावभर करू नका म्हणजे झालं,” आतून प्रणिताचा आवाज आला.

“काट्याला नावं कळत नाहीत सूनबाई, आकडा कळतो. कुणाचा किती, ते तुमचं तुम्ही वाटून घ्या.”

आत हसू फुटलं. माझी आक्काही हसली. नवं इरकल नेसून ती खिडकीशी बसली होती. मांडीवर विभूतीचा डबा, डोक्यावरचा पदर दोन्ही कानांच्या मागं खोचलेला. लग्नाला निघालेल्या पोरीसारखी दिसत होती म्हटलं तर चालेल, फक्त वय अडुसष्ट.

गाडी प्लेटच्या मधोमध थांबली. कपाळावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं ‘गिरिजा’. ते आक्काचंच नाव. राजशेखर तिचा एकुलता एक मुलगा, आणि प्रणिता त्याची बायको. त्यानं एका जुन्या टेंपोच्या सांगाड्यावर कोल्हापुरातून हे फिरतं घर बांधून घेतलं होतं. दोन पलंग, फ्रीज, संडास, न्हाणी, वर एसी, तो चालवायला मागं जनरेटर. आणि प्रणिताच्या हट्टाखातर काळ्या ग्रॅनाइटचा ओटा. घर म्हटलं की ओटा ग्रॅनाइटचाच, हे आमच्याकडं ठरलेलं. मग ते घर चाकावर का असेना.

माझा वजनकाटा गडहिंग्लजच्या बाहेर, संकेश्वरच्या रस्त्याला. बावीस वर्षं मी तिथं उसाच्या ट्रॉल्या तोलल्या. त्या दिवशी चैत्रातली सकाळ होती, कारखाने बंद झाले होते आणि काटा मोकळा होता. एरवी राजशेखर काही माझ्या काट्यावर आला नसता. पण महिन्यापूर्वी मित्रांना घेऊन तो आंबोलीच्या घाटात गाडी पळवून बघायला गेला आणि उतारावर मागचं टायर फुटलं. कठडा हातभर लांब राहिला. तेव्हापासून त्याला गाडीच्या दारातली पत्र्याची पट्टी वाचायची सवय लागली होती. पट्टीवर लिहिलं होतं की माणसं, सामान, डिझेल सगळं धरून गाडीचं वजन चार हजार दोनशे पन्नास किलोच्या वर जाता कामा नये, आणि मागच्या आसावर अठ्ठावीसशेपेक्षा जास्त भार नको.

“किती भरतंय मामा?” त्यानं विचारलं.

“चव्वेचाळीसशे चाळीस. एकशे नव्वद जास्त.”

“काटा बरोबर हाय न्हवं?”

बावीस वर्षांत हा प्रश्न प्रत्येक ट्रॉलीवाल्यानं विचारला, आणि तोही फक्त वजन मनासारखं नसताना. मी पुढची चाकं तेवढी प्लेटवर ठेवून गाडी मागं घ्यायला लावली. पुढचं वजन चौदाशे साठ. म्हणजे मागं दोन हजार नऊशे ऐंशी.

“एकूण जास्त हाय ते हायच, पण सगळं ढुंगणावर बसलंय,” मी म्हणालो. “चाकाच्या मागं टांगलेलं ओझं नुसतं मागं दाबत नाही, पुढचं उचलतं. घाटात स्टेअरिंग हलकं लागलं असंल तुला.”

राजशेखरनं स्टेअरिंगकडं बघितलं. म्हणजे लागलं होतं.

“मग न्यायचंच न्हाई का आम्ही?” प्रणितानं विचारलं.

“न्यायचं की. पण कमी न्यायचं.”

जाण्याचं कारण सांगायला पाहिजे. राजशेखर कॉलेजात असताना त्याला कावीळ झाली होती. पोरगं शेहेचाळीस किलोवर आलं, डोळे हळदीसारखे. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आक्कानं श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाला नवस बोलला, पोरगं जगलं तर त्याच्या वजनाइतका गूळ वाहीन, आपल्याच उसाचा, आपल्याच गुऱ्हाळाचा. पोरगं जगलं. मग नोकरी, लग्न, मुलगी, फ्लॅट, आणि नवस आपला मागं मागं. दरम्यान देवानं त्याला सुबत्ता दिली आणि ती सगळी पोटावर दिसायला लागली. त्या चैत्रात तो ब्याण्णव किलोचा होता. मी आक्काला म्हणायचो, नवस वेळेवर फेडला असता तर अर्ध्या गुळात भागलं असतं. ती म्हणायची, “वाढू दे की. माझंच हाय.”

तिचं स्वतःचं एक मागणं होतं, ते ती मोठ्यानं बोलायची नाही. श्रीशैलाचं शिखर लांबून जरी नजरेस पडलं तरी माणसाला परत जन्म नाही, असं आमच्यात धरतात. भाऊजी तीनदा चालत गेले होते. तिन्ही वेळा आक्कानं दशम्या बांधून दिल्या आणि वेशीवरून परत आली. आता घरच चाकावर चाललं होतं, आणि त्या घरावर तिचं नाव होतं.

“चला, काढा एकेक,” मी म्हणालो.

आधी उठली ती आक्काच. कुणी सांगायच्या आत तिनं पलंगाखालून आपलं गाठोडं ओढलं. चटणीचे डबे, शेंगदाण्याचे लाडू, बारा दिवसांच्या कडक भाकऱ्या. ते मी काट्याजवळच्या लहान तराजूवर टाकलं, पंधरा किलो.

“आई, तुझं कशाला काढतीयास?” राजशेखर म्हणाला. पण गाठोडं परत उचललं नाही.

मग जादाचा गॅस सिलिंडर उतरला, तीस किलो. तांदळाचं पोतं आणि पीठ, पस्तीस. घडीच्या खुर्च्या-टेबल, वीस. नातीची सायकल उतरली, तेरा. नात नऊ वर्षांची, तन्मयी तिचं नाव. तिनं भोकाड पसरलं, आणि तिला गप्प करायला आजीनं आपल्या कमरेची चंची सोडून खडीसाखर दिली. तांब्याचा हंडा उतरला, बारा.

“हंडा कशाला घेतला होता ओ?” मी विचारलं.

“मम्मीला तांब्यातलंच पाणी लागतंय,” प्रणिता म्हणाली.

विहीणबाई तोपर्यंत आपल्या जागेवरून हलल्या नव्हत्या. एसीच्या बरोबर खाली त्यांची जागा होती. त्यांच्या दोन बॅगा होत्या. एक द्यायची म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मामा, बारा दिवसाला एका बॅगेत बाईमाणसाचं कसं भागंल? तुमचं काय, एक धोतर वाळत, एक अंगावर.”

“दोन धोतरं धरून माझं वजन एकसष्ट हाय विहीणबाई. तुमच्या बॅगेत मी आणि माझं धोतर दोन्ही मावंल.”

आक्का तोंडाला पदर लावून हसली. बॅग उतरली, वीस किलो. त्या बॅगेमुळं प्रणिताचं तोंड मात्र उतरलं, आणि ते काही परत चढलं नाही.

मागचा भार हलवायला मी गुळाच्या ढेपा पुढं घ्यायला लावल्या. दहा-दहा किलोच्या नऊ, आणि दोन किलोचा खडा. ड्रायव्हरच्या पाठीमागं रचून, हलू नयेत म्हणून राजशेखरनं पट्ट्यानं बांधल्या. बांधताना त्याला उत्साह चढला. तो मला एकेक दाखवत सुटला.

“हे बघा मामा, नळ. बटण दाबलं की पंप. मागं दोनशे लिटरची टाकी बसवलीया. सकाळी बोअरचं काठोकाठ भरून घेतलंय. शॉवरबी हाय.”

“दोनशे लिटर म्हंजे किती घागरी रे?” आक्कानं विचारलं.

“तेरा-चौदा असतील आई.”

“अगं बाई,” ती म्हणाली. “एवढ्या खेपा एका जागी बसून.”

सगळे परत आत बसले. मी परत काटा बघितला. मागचा भार आता अठ्ठावीसशेच्या आत, दहा किलो राखून. एकूण चार हजार दोनशे पंच्याण्णव.

“अजून पंचेचाळीस,” मी सांगितलं.

इथपर्यंत सगळं हसतखेळत चाललं होतं. पंचेचाळीसनं हसू थांबलं. कारण ज्यांच्यावाचून भागतं ते सगळं खाली उतरलं होतं, आणि वर राहिलं होतं ते कुणाचं ना कुणाचं होतं.

“जनरेटर काढूया?” राजशेखर हळूच म्हणाला. तो पंच्याहत्तर किलोचा होता.

“आणि एसी? मम्मीला उन्हाचं चक्कर येतंय हे ठाऊक हाय न्हवं तुम्हांला? रायचूरच्या पुढं बेचाळीस डिग्री असतंय.”

“मग ओटा.”

“ओटा चिकटवलाय. फोडून काढणार काय? मुहूर्ताच्या दिवशी फोडाफोडी?”

“गूळ तिथंच घेतला तर?” विहीणबाईंनी सुचवलं.

“घरचाच वाहीन असं बोललीया मी,” आक्का म्हणाली. तेवढ्यापुरता तिचा आवाज कडक झाला.

राजशेखर स्टेअरिंगवर बोटं वाजवत होता. मी खिडकीत उभा होतो. गाडीच्या पोटाखाली, मागच्या चाकाजवळ, टाकीच्या कॉकमधून पाण्याचे थेंब पडत होते. प्लेटवर तळव्याएवढं ओलं झालं होतं. मी त्याकडं बघत होतो. नजर वर केली तर आक्का माझ्याकडं बघत होती.

“मी उतरते,” ती म्हणाली.

“छे छे, आई, काय बोलतीस!” राजशेखर म्हणाला. म्हणाला, पण लगेच नाही. मधे एक क्षण गेला. माझ्या धंद्यात काटा स्थिर व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा.

“अरे तुळेत बसायचंय तुला. नवस बोलली मी असंन, पण तू आणि गूळ तिथं असलं म्हंजे झालं. मी नसले तरी चालतंय. आणि माझं गुडघं.”

“आत्या, तुमच्यासाठीच तर काढलीया गाडी,” प्रणिता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, हेही नोंदवतो. पाणी खरं होतं. पण ती बसल्या जागेवरून उठली नाही.

“पुढच्या येळेला येते की. गाडी काय पळून जातीया?” आक्का डबा पदराखाली धरून पायरी उतरली. उतरताना तिनं दाराचा दांडा धरला आणि माझ्याकडं बघितलं. मी खाली जाऊन हात दिला.

राजशेखरनं तोंड बाहेर काढलं. “मामा, बघा की एकदा.”

मी आत येऊन बघितलं. आक्का डब्यासकट पंचेचाळीस किलोची. काट्यावर बरोब्बर आकडा लागला, चार हजार दोनशे पन्नास. इकडं नाही, तिकडं नाही. बावीस वर्षांत इतकं नेमकं वजन मी एकदाही बघितलं नव्हतं.

“झालं?” त्यानं विचारलं.

“झालं,” मी म्हणालो.

आक्कानं चाकाखाली चार लिंबं ठेवली, नारळ ओवाळून फोडला, आणि सगळ्यांच्या कपाळाला खिडकीतूनच विभूती लावली. विहीणबाईंच्याही. गाडी लिंबं चिरडून रस्त्याला लागली. कपाळावर ‘गिरिजा’ लिहिलेली गाडी श्रीशैलाला गेली आणि गिरिजा माझ्याबरोबर तांदळाचं पोतं, गॅस सिलिंडर, सायकल, हंडा आणि विहिणीची बॅग राखत काट्यावर बसून राहिली. तिचं गाठोडं सगळ्यात वर होतं.

वाचणाऱ्यानं हिशेब केला असेल. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. कॉक फिरवला असता तर तीन-चार मिनिटांत पंचेचाळीस किलो पाणी माझ्या प्लेटवरून गटारीत गेलं असतं, आणि वाटेत हवं तिथं परत भरता आलं असतं. रस्त्यावर पाण्याला काय तोटा. ट्रॉलीवाले वजनात फसवायला आणि फसवणूक लपवायला काय काय करतात हे बघण्यात माझी हयात गेली. मला पाण्याचं वजन कळत नव्हतं असं नाही. पहिला थेंब पडताना मी बघितला तेव्हाच कळलं होतं.

मी गप्प का बसलो याचं एक कारण मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. मला राजशेखरचं वजन करायचं होतं. तो म्हणेल, आई उतरायची नाही, ओटा फोडतो. किंवा म्हणेल, मामा, तुम्हीच काहीतरी सांगा. मग मी खिशातून पाण्याची युक्ती काढणार, कॉक फिरवणार, सगळे हसणार. त्यानं म्हटलं नाही, आणि त्याच्या न म्हणण्याचा मला इतका राग आला, आणि खरं सांगायचं तर त्याला पकडल्याचा इतका आनंद झाला, की तोंड उघडेना.

दुसरं कारण हलकं आहे म्हणून शेवटी लिहितो. माझी बायको गेल्यावर वर्षभरानं भाऊजीही गेले, आणि आक्का माझ्याकडं राहायला आली. राजशेखरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि आक्काचे गुडघे तळमजल्याचे. आठ वर्षं दोन्ही वेळची भाकरी तिच्या हातची. निघायच्या आधी तिनं माझी सोय शेजारच्या शांतव्वाकडं लावली होती, आणि शांतव्वाची भाकरी म्हणजे पायताणाचा तळवा. आठ दिवस मी त्यावरून कुरकुरत होतो.

त्या दिवशी दुपारी मी आक्काच्या हातची भाकरी खाल्ली.

बारा दिवसांनी ते परत आले. प्रसाद आणला, विभूती आणली, तुळेत बसलेल्या राजशेखरचा फोटो आणला. प्रणितानं मोबाइलवर शिखराचाही फोटो दाखवला. आक्कानं मोबाइल दोन्ही हातांत धरून, लांब करून, जवळ करून बराच वेळ बघितला.

“फोटोत बघितलेलं धरतात का गं?” तिनं विचारलं.

“धरत असतील की आत्या.”

“आई, पुढच्या येळेला नक्की,” राजशेखर म्हणाला. दिवाळीच्या आत त्यानं गाडी विकली. ओटा आतच गेला.

पुढं दीड वर्षानं, आक्का जायच्या आधीच्या पावसाळ्यात, आमच्या गल्लीचा नळ चार दिवस बंद होता. मी ओढ्याकाठच्या हापशावरून घागर भरून आणली आणि उंबऱ्यात टेकवून दम घेत बसलो. ती चुलीपुढं भाकऱ्या थापत होती.

“भरली घागर लई जड झाली आक्का,” मी म्हणालो. “आमचा हात आता आकड्याचा, ओझ्याचा न्हाई राहिला.”

“पंधरा किलो,” ती म्हणाली.

“तुला काय ठाऊक?”

“चाळीस वर्षं डोक्यावर आणल्या. मला घागरीचं वजन ठाऊक नसंल होय?” तिनं पिठाचा गोळा हातात घेतला. “तीन घागरी रे. तीन घागरी सांडल्या असत्या तर माझी जागा झाली असती.”

माझ्या तोंडातून जे निघालं ते निघायला नको होतं.

“मग बोलली का न्हाईस?”

“माझ्यासाठी मीच बोलायचं होय? दोघं होता की तिथं. एक पोटचा, एक पाठचा. म्हटलं बघू, कोण बोलतंय.” तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं. “राजूला कळलंच न्हाई, त्याला हिशेब येत न्हाई. तुला येतोय.”

“आक्का…”

“तुला भाकरी पाहिजे होती. मागायची होतीस. थांबले असते.”

भाकरी फुगली. तिनं ती उलटली, निखाऱ्याला लावली, परत उलटली. रागावलेली दिसत नव्हती. दिसली असती तर बरं झालं असतं.

“शिखर बघितलं की परत जन्म न्हाई म्हणतात,” ती म्हणाली. “आता एक जन्म आला. आला तर आला. पण देवापुढं बसतोस तेव्हा माझ्यासाठी एवढं माग त्याच्याकडं. तो तुमच्यात नको.”

आणि भाकरी माझ्या ताटात टाकली. पापुद्रा नीट सुटला होता.